केळशेतच्या ओहोटीची वेळ

५ जानेवारी, सोमवार

एकसष्टाव्या वर्षी नोकरी लागली. नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर बसून समुद्राच्या खाडीची खबर लिहायची. कुणी हसलं तर हसू दे.

अंगद माझा जामखेडच्या शाळेतला विद्यार्थी. नववीत त्यानं नकाशात गोदावरी अरबी समुद्राला मिळवली होती, आणि मी त्याला तासभर बाकावर उभा केला होता. आज त्याची कंपनी आहे. 'खाडीदूत' नावाचं मोबाईलचं ॲप काढलंय. कोकणातल्या केळशेतच्या खाडीवर मासे धरणाऱ्यांना त्यात रोज सांगायचं, पाणी गढूळ की निवळ, वारा कुठला, जिताडा गळाला लागतोय की नुसती शिंगाळी, आणि उद्याची ओहोटी किती वाजता संपणार. पुण्या-मुंबईहून गळ टाकायला येणारे शौकीन हे वाचतात. खाडीच्या चिखलात तिसऱ्या, म्हणजे शिंपले, वेचणाऱ्या बायाही वाचतात. बायांसाठी ॲपमध्ये भोंगा आहे. ओहोटी संपायची वेळ आली की प्रत्येकीचा मोबाईल बोंबलतो, म्हणजे आता माघारी फिरा.

अंगद म्हणाला, सर, तुमच्याइतका भूगोल कोण जाणतो? हे मात्र खरं बोलला. एकतीस वर्षं भरती-ओहोटी शिकवली मी. समुद्र बघायचा राहिला, पण तो माझा दोष नाही. आमच्या शाळेची सहल दरसाल शिर्डीला आणि शिंगणापूरला जायची. मुख्याध्यापकांना त्यापलीकडे जग आहे हे ठाऊकच नव्हतं.

८ जानेवारी, गुरुवार

खाडीवरून माहिती देणारी बाई साळूबाई. पन्नाशीची असेल. मूळची राजूरकडची. बावीस वर्षांपूर्वी मजुरीसाठी त्यांची अख्खी वाडी घाट उतरून गेली ती तिकडेच राहिली. बोलते अजून आपल्याकडचंच.

तिची पद्धत ऐकून मी कपाळाला हात लावला. सकाळी धक्क्याखाली पाण्याच्या कडेला एक काठी रोवायची. पाणी हटलं की काठी पुढं रोवायची. असं करत करत पाणी जिथं थांबलं आणि उलटं फिरलं, त्या क्षणी मला एक मिसकॉल. तीच ओहोटीची वेळ! एकविसाव्या शतकात काठी रोवतात. बाकीचं, म्हणजे पाणी, वारा, मासळी, ती दुपारी तिच्या सुनेच्या, पूजाच्या मोबाईलवरून बोलून पाठवते.

शिवाय पाणी फिरलं की ही धक्क्यावर उभी राहून थाळी बडवते. खाडीच्या मधोमध ओहोटीत चिखलाचा मोठा पट्टा उघडा पडतो, तिसऱ्या तिथंच जास्त. पण पट्टा आणि धक्का यांच्यामध्ये खोल चर आहे. ओहोटीत तो गुडघाभर पाण्यातून ओलांडता येतो, भरतीत माणूस बुडेल एवढा भरतो. म्हणून म्हणे थाळी. मी फोन करून सांगितलं, भोंगा आल्यावर थाळीचं काय काम? दोन आवाजांनी गोंधळ होतो, थाळी बंद करा. "बरं सर" म्हणाली. माणसांना शिस्त लावल्याशिवाय लागत नाही.

१२ जानेवारी, सोमवार

डोकं फिरायची वेळ आली आहे. ओहोटी रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा होते. पुस्तकात आहे, मी हजारो पोरांकडून पाठ करून घेतलं आहे. आणि या बाईचे मिसकॉल बघा. सात तारखेला नऊ अठ्ठावीस. आठला दहा पाच, म्हणजे सदतीसच मिनिटं. दहाला बारा पाच आणि अकराला थेट एक वाजून अठरा. त्र्याहत्तर मिनिटं! एका दिवसात चंद्र काय वाटेत चहा प्यायला थांबला होता?

फोन लावून झाडलं. ती शांतपणे म्हणाली, "सर, आमोशा-पुनवंला पानी घाई करतंय, आष्टमीला रेंगाळतंय. तसंच हाय ते." पाणी घाई करतं! पाण्याला काय एसटी गाठायची असते? मी म्हटलं, साळूबाई, निसर्गाला नियम असतो. त्यावर तिचं परत "बरं सर".

संध्याकाळी अश्विनीला, म्हणजे माझ्या सुनेला, हे सांगितलं. ती नागापुरातल्याच एका कारखान्यात तयार माल तपासते. भाकऱ्या थापता थापता म्हणाली, अण्णा, आमच्याकडे ड्रॉइंग आणि माल जुळला नाही तर आधी माल परत मोजतात. मी म्हटलं, तो कारखाना आहे, हे शास्त्र आहे. पोरीला कुठं काय बोलावं कळत नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

अंगदला ठणकावून सांगितलं, असल्या मिसकॉलवर ॲप चालणार असेल तर मी उद्यापासून येत नाही. अमावास्येपासून मी स्वतः तक्ता करतो. एक वेळ पक्की धरायची आणि रोज पन्नास मिनिटं मिळवत जायची. अंगद म्हणाला, करा सर, तुम्हाला योग्य वाटेल ते. कौतुक याचं वाटतं की नकाशात गोदावरी उलटी करणारा पोरगा आता निदान ऐकून घेतो.

आणखी एक गोष्ट मी सुचवली. रोजच्या खबरीखाली 'निरीक्षण: साळूबाई, केळशेत' असं छापायचं. बिचारी उन्हातान्हात उभी राहते, तिला मान मिळायला हवा. अंगदला फारच आवडलं. म्हणाला, तिथलं नाव दिसलं की बाया डोळे झाकून विश्वास ठेवतील. माझं नाव नको म्हणालो. मला प्रसिद्धीचा सोस नाही.

१८ जानेवारी, रविवार. अमावास्या

साळूबाईचा मिसकॉल सकाळी बरोबर सातला. एवढी एक वेळ तिची घेतली. तक्ता तयार केला, लाल शाईनं, पट्टीनं रेघा मारून. उद्या सात पन्नास, परवा आठ चाळीस, मग साडेनऊ, दहा वीस, अकरा दहा. बघितलं तरी मन निवतं. दोन महिन्यांचा झाला, आता ऑफिसात चिकटवतो.

२१ जानेवारी, बुधवार

दोन दिवस बरे गेले. खबर चांगली उतरली आहे: 'पाणी निवळ, पहाटे जमिनीकडून गार वारा, जिताडा धक्क्याच्या खांबांशी, गळाला जिवंत कोळंबी लावावी.' वाचून मलाच वाटलं, हा माणूस खाडीवर जन्मला असणार.

पण साळूबाईचं नाटक संपलेलं नाही. आज मिसकॉल आठ त्रेपन्नला. तक्त्यात साडेनऊ आहे. काल आठ सोळा, परवा सात एकोणचाळीस. वर आज फोनही केला. म्हणाली, "सर, मोबाईलमदी माझ्या नावाखाली येगळीच येळ येतीय. माझं काय चुकतंय का?" मी म्हटलं, चुकतंयच, काठी नीट रोवत जा. मग म्हणाली की आज अलीकडच्या चिखलात बायांच्या पायाला लवकर पाणी लागलं. लागणारच, चिखलात उभं राहिल्यावर काय धूळ लागेल?

२२ जानेवारी, गुरुवार

आज परत फोन. एकदा नाही, तीनदा. उद्या शुक्रवार, शनिवारच्या बाजारासाठी बाया चर ओलांडून पल्याडच्या पट्ट्यावर जाणार आहेत, तेव्हा वेळ नीट घाला म्हणाली. म्हणजे मी काय रोज वाकडी घालतो? मला हे असलं सुचवणं सहन होत नाही. साफ सांगितलं, यापुढे पाणी फिरलं की एक मिसकॉल, बस्स. जास्त फोन आले तर उचलणार नाही. आणि तशीच वेळ आली तर अंगदला सांगून दुसरी बाई बघू.

उद्याची ओहोटी अकरा दहा, लिहून टाकली. भोंगाही अकरा दहाचा लावला.

२३ जानेवारी, शुक्रवार

या बाईला माणसानं सांगावं तरी कसं? काल बजावलं आणि आज काय केलं? दहा वाजून आठ मिनिटांनी मिसकॉल, ठीक आहे. मग दहा चोवीसपासून अकरापर्यंत एकामागून एक अकरा मिसकॉल! मी केस कापायला बसलो होतो, मोबाईल आवाज बंद करून खिशात. बाहेर येऊन बघतो तर हा प्रकार. उलट फोन केला नाही. नियम म्हणजे नियम. दुपारी तिच्याकडून पाण्याची खबर आली नाही, म्हणजे रुसली. रुसू दे. मी कालचीच खबर दोन शब्द बदलून टाकली.

२४ जानेवारी, शनिवार

सकाळी सातला अंगदचा फोन. काल केळशेतला पट्ट्यावरून परतताना तीन बाया चरात अडकल्या. पाणी छातीच्या वर आलं होतं. पूजा आणि आणखी एक जण जाळ्याच्या खुंटांना धरून राहिल्या, होडीवाल्यानं काढलं. तिसरी छबूबाई, साठीच्या पुढची. ती वाहत गेली, लांब सापडली. जिवंत आहे, पण छातीत पाणी गेलंय, सरकारी दवाखान्यात ऑक्सिजनवर ठेवलंय.

अंगद म्हणाला, ॲपवर खुलासा टाकावा लागेल, तुम्ही लिहा. मी दोन ओळी लिहिल्या: 'निरीक्षक साळूबाई यांच्याकडून अनियमित वेळा आल्याने ही घटना घडली. यापुढे दक्षता घेतली जाईल.' बरोबरच आहे ते. मी पहिल्या आठवड्यापासून ओरडतोय की तिच्या वेळा अनियमित आहेत. तेव्हाच ऐकलं असतं तर ही पाळी आली नसती.

अश्विनीनं खुलासा वाचला. मोबाईल परत दिला आणि आत गेली.

२५ जानेवारी, रविवार

अश्विनीनं आज माझा लाल तक्ता ऑफिसातून मागवून घेतला. माझा मोबाईल घेतला. ओट्यावरच दोन्ही शेजारी ठेवून एका कागदावर लिहीत बसली. अठराला फरक नाही. एकोणीसला अकरा मिनिटं. वीसला चोवीस. एकवीसला सदतीस. बावीसला पन्नास. तेवीसला बासष्ट.

म्हणाली, "अण्णा, चुकणाऱ्या माणसाचे आकडे असे ओळीनं वाढत नाहीत. कधी इकडं चुकतात, कधी तिकडं."

मी चिडलो. शिकवू नकोस म्हणालो. अजून बरंच बोललो, ते इथं लिहीत नाही. ती उठून कुकर लावायला गेली. मग मी कागद घेऊन खोलीत आलो आणि जुनं पुस्तक काढलं. सव्वा ओळ आहे त्यात भरती-ओहोटीच्या वेळेवर. 'सुमारे पन्नास मिनिटे.' मी या वहीतही 'सुमारे' लिहिलंय. तक्ता करताना तो शब्द मी खाऊन टाकला. पुस्तकात त्यापुढं लहान अक्षरात टीप आहे, उधाणाच्या दिवसांत हा फरक कमी असतो आणि अष्टमीच्या सुमारास जास्त. एकतीस वर्षं मी ती टीप परीक्षेला येत नाही म्हणून वगळायला सांगत होतो.

अमावास्या-पुनवेला पाणी घाई करतं, अष्टमीला रेंगाळतं. बाईनं मला टीप तोंडी सांगितली होती. मी त्यावर एसटीचा विनोद केला.

दहा आठला पाणी फिरलं होतं. बाया अकरा दहापर्यंत पट्ट्यावर होत्या, कारण मी सांगितलं होतं.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन करून तडक अंगदच्या घरी गेलो. खुलासा काढ म्हणालो, चूक माझी आहे. त्यानं मला बसवलं, जिलेबी पुढं केली, दार लावून घेतलं.

"सर, तुमचं नाव कुठंच नाही," म्हणाला. "नाव तिचं आहे. तुम्ही कशाला अंगावर ओढून घेता?"

मी म्हटलं, नाव मीच घातलं होतं. तो म्हणाला, तेच तर, बरं झालं घातलंत ते. मला वाचवतोय म्हणे हा! नालायक! माझ्या वर्गात बसलेला पोरगा माझ्या तोंडावर सांगतो की एका गरीब बाईच्या नावामागं लपून बसा. संताप संताप झाला. त्याच्यावर ओरडलो, जिलेबीची ताटली सरकवली, निघून आलो. अर्ध्या रस्त्यात लक्षात आलं की परवा सकाळी त्याच्या एका शब्दावर तो खुलासा लिहिणारा मीच होतो. शुद्धलेखन तपासून दिला होता.

२८ जानेवारी, बुधवार

काल दिवसभर साळूबाईला फोन लावायचं धाडस झालं नाही. आज लावला. तिनं पहिल्याच रिंगला उचलला आणि आधी मलाच म्हणाली, सर, माफ करा, त्या दिवशी लई फोन केले.

मग मी विचारत गेलो आणि ती सांगत गेली. त्या सकाळी पाणी फिरल्यावर तिनं मिसकॉल दिला आणि भोंग्याची वाट बघितली. भोंगा वाजेना. मला फोन लावले. थाळी बडवली. पूजाला फोन केला. पूजानं चिखलाच्या हातानं मोबाईल बघितला आणि म्हणाली, आत्या, मोबाईलमधी अजून तासभर हाय, खाली तुमचंच नाव हाय की. साळूबाईला वाटलं, आपणच काल भलतं काही सांगितलं असेल. तिनं दोन मिनिटं थाळी थांबवली. ती दोन मिनिटं तिला आता झोपू देत नाहीत.

वाडीतल्या बाया तिच्याशी बोलत नाहीत. ॲपवर खुलासा आलाच होता, तो सगळ्यांनी वाचला. वाडीनं ठरवलंय, साळूबाईनं आता खाडीच्या पाण्याला पाय लावायचा नाही. पूजा माहेरी राजूरला निघून आली आहे, इथं आपल्या जिल्ह्यातच. तिसऱ्या वेचल्याशिवाय त्या घरात चूल पेटत नाही.

मी म्हटलं, साळूबाई, तुमची वेळ रोज बरोबर होती. मी बदलत होतो. रोज. आणि खुलासाही मीच लिहिला.

मग ती म्हणाली, "हे मला सांगून काय उपेग सर? मला म्हाईत हुतं. कधी कधी म्हाईत हुतं. बायांना सांगा."

मी हो म्हणालो. छबूबाई घरी आली की वाडीची बैठक बसणार आहे, तेव्हा फोन करीन म्हणाली.

१ फेब्रुवारी, रविवार

अंगदला लेखी राजीनामा दिला. त्यानं खुलासा अजून काढलेला नाही. तालुक्याच्या पोलीस ठाण्याला, केळशेतच्या ग्रामपंचायतीला आणि ॲपच्या तक्रारपेटीला मी सगळ्या वेळा लिहून रजिस्टर पोस्टानं पाठवल्या. पोस्टातला माणूस म्हणाला, काका, एवढ्या लांबच्या गावाशी तुमचा काय संबंध? त्याच्यावर चिडावंसं वाटलं, पण चिडायला तोंड राहिलेलं नाही.

राजूरला जाऊन पूजालाही भेटलो. अश्विनी सोबत आली होती. पूजाच्या हाताला खुंटावर चिकटलेल्या शिंपल्यांनी चिरा पडल्या आहेत. ती माझ्याशी नाही, अश्विनीशी बोलली. चहा मात्र मलाही दिला. निघताना म्हणाली, आत्यानं थाळी बडवली ती मी ऐकली हुती. तेवढंच.

४ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी आठला साळूबाईचा फोन आला. म्हणाली, फोन पाटावर ठेवलाय, मोठ्या आवाजात, सगळ्या बसल्यात, बोला.

मी ही वही उघडून वाचून दाखवलं. एकोणीस तारीख, साळूबाईची वेळ सात एकोणचाळीस, मी लिहिली सात पन्नास. वीस तारीख, तिची आठ सोळा, मी लिहिली आठ चाळीस. असं तेवीसपर्यंत. ते अकरा मिसकॉलही वाचले, मिनिटांसकट, आणि तेव्हा मी न्हाव्याकडे बसलो होतो हेही. थाळी मी बंद करायला लावली होती, तेही. खुलासा माझ्या हातचा आहे, तोही सांगितला. मध्येच एका बाईनं शिवी दिली. दुसरीनं तिला गप्प केलं.

वाचून झालं. मग एक घोगरा आवाज आला, श्वास तुटत होता. छबूबाईचा.

"सर, तिची येळ खोडताना तिला इचारलं हुतं का, का खोडतोय म्हनून?"

नाही, म्हणालो.

"का न्हाई?"

माझ्याकडे कारणं होती. पुस्तक होतं, अंगद होता, पन्नास मिनिटं होती. पण मी वही मिटली आणि जे खरं होतं ते बोललो. "ती शिकलेली नाही म्हणून."

तिकडं पंचवीस-तीस बाया असतील. सगळ्यांनी ते ऐकलं. अश्विनी येऊन माझ्या शेजारी बसली.

छबूबाई खोकली आणि कुणाला तरी म्हणाली की तिसऱ्यांची घमेली काढा. भांड्यांचा, पायांचा आवाज झाला. मग साळूबाईनं फोन हातात घेतला. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, चढलेला नाही की पडलेला नाही.

"ठेवा आता सर," ती म्हणाली. "पानी उतरतंय. बाया माझ्यासाठी थांबल्यात."